घोट्यापाशी आलेला हात

मध्यरेषेपाशी वाकून हरेश्वरने मैदानाची माती कपाळाला लावली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दहा महिने लोटले होते आणि तो पूर्ण बरा झाल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले होते. तरीही सरावात रेषा ओलांडताच त्याच्या मुखातील ‘कबड्डी कबड्डी’चा दम तुटे आणि तो रिकामा परते. आज जिल्हा संघाची निवड होती. ही संधी अखेरची होती.

समोर कोपऱ्यात दत्ताराम उभा होता. गतवर्षी त्यानेच घोटा पकडला असता हरेश्वरचा गुडघा निखळला होता.

“जा वाघा, दम सोडू नको!” गुरुजी ओरडले.

हरेश्वर आत शिरला. दम थरथरला, परंतु तुटला नाही. त्याने दत्तारामच्या मांडीला स्पर्श केला. दत्तारामचा हात त्याच्या घोट्यापाशी आला आणि तेथेच थिजला. हरेश्वर गुण घेऊन परतला, तेव्हा दहा महिन्यांनी त्याच्या मुखावर तेज आले.

मध्यंतरात त्याने हसत दत्तारामचा खांदा थोपटला. “काय गड्या, म्हातारा झालास? धरता येईना?”

“येतं रे धरता,” दत्ताराम मान खाली घालून म्हणाला. “पण तुझी ती किंकाळी अजून कानांत आहे. घोटा दिसला की माझी बोटंच मिटत नाहीत.”

शिट्टी झाली. हरेश्वर पुन्हा रेषेपाशी गेला. त्याने माती कपाळाला लावली, मुख उघडले, आणि दत्तारामच्या उघड्या पंजाकडे पाहत, मघाचा गुण आपण कमावलेला नव्हताच हे उमगून, तो तसाच उभा राहिला. शब्द फुटलाच नाही. वेळ सरली आणि पंचांनी चढाई प्रतिपक्षाला दिली.