जैसे थे

माणिकप्पानं कुदळ उचलली आणि हवालदारानं हात आडवा घातला. "थांब. इथं खांदता येत न्हाय."

फाटकाबाहेर शववाहिका उभी होती. आत झिराडकर वकील पांढऱ्या कफनात निजले होते. सकाळी दहाला गेले, आता तीन वाजत आले होते. वार शुक्रवार, महिना मे. धाराशिवात ज्यूंचं घर त्यांचं एकच उरलेलं, आणि हे कब्रस्तान अकरा कबरींचं. बाराव्या कबरीची जागा वकिलांनी स्वतःच दाखवून ठेवली होती, आईच्या पायथ्याशी. माणिकप्पानं तिथं चुन्यानं चौकोन आखला होता, तेवढंच काम झालं होतं.

हवालदारानं खिशातून हायकोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स काढली. वाचून दाखवायची गरज नव्हती. वकिलांच्या पत्नीला, मिल्काबाईंना, तो पाठ होता. हुकूम मिळाला त्या दिवशी त्यांनी देवाचे आभार म्हणून घरात मलिदा केला होता. दोन्ही पक्षांनी जागा जैसे थे ठेवायची. कुणीही, कोणत्याही कारणासाठी खोदकाम करायचं नाही.

"साहेबांनीच आणला की हा हुकूम," माणिकप्पा म्हणाला. "त्यांनाच कसा आडवा येतो?"

"सगळ्यांनाच येतो." हवालदार ओशाळला होता. "माझ्या बहिणीची केस साहेबांनीच लढली, मी काय इसरलो न्हाय. पण लेखी तक्रार आली. मी काय करू?"

तक्रार कुणाची ते कुणी विचारलं नाही. फाटकाशी आण्णासाहेबांची गाडी लागली होती. ही जमीन आपल्या आजोबांची म्हणून ते अठरा वर्षं कोर्टात भांडत होते. त्यांचा ड्रायव्हर मोबाइल वर धरून शूटिंग करत होता.

"काकू, चूक माझी," इंद्रजित म्हणाला. तेरा वर्षं तो वकिलांचा ज्युनिअर होता. "अर्ज मीच टाइप केला. दफन सोडून, असं लिहू का म्हणून विचारलं होतं. साहेब म्हणाले, एक फट ठेवली की तिच्यातनं जेसीबी आत येतो."

"मग तुझी चूक कशी?"

"हट्ट धरायला पायजे होता. पण तवा साहेब मरतील असं कुणाला वाटलं होतं?"

अशी सगळी गोची. अकरा मेलेल्यांची राखण करणाऱ्या माणसाला बारावा आपण इतक्यात असू हे सुचलं नाही. आता कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी, सुट्टीतले न्यायाधीश बसणार सोमवारी. आणि आज सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागणार, तो उद्या संध्याकाळपर्यंत. त्यात दफन होत नाही.

आण्णासाहेब टोपी काढून पुढं आले. हात जोडले.

"वहिनी, भांडण जागेचं होतं, माणसाशी न्हाय. वकीलसाहेबासारखा माणूस पुन्हा व्हणं न्हाय. हे घ्या, माझी हरकत न्हाय म्हणून लिवून आणलंय. खाली तुमची सही करा अन् घ्या खड्डा."

"दोघांची सही असंल तर माझं काय म्हणणं न्हाय," हवालदार घाईनं म्हणाला.

इंद्रजितनं कागद वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. "आण्णा, यातलं 'जागामालकाच्या परवानगीनं' तेवढं काढा."

"ते काढलं तर मी परवानगी कशाची देऊ?"

इंद्रजितनं मिल्काबाईंना बाजूला घेतलं. "सही केली की केस संपली, काकू. या अकराही कबरी गेल्या. न्हाय केली तर पुण्याला न्यावं लागेल. तिथं तुमच्या समाजाचं कब्रस्तान हाय. पण पोचायला रात्र होणार, उद्या शनिवार. म्हणजे रविवारी."

"तोवर?"

"बर्फात."

अडतीस वर्षांच्या संसारात वकिलांनी शुक्रवारची एक संध्याकाळ घराबाहेर काढली नव्हती. कोर्टातून येताना फुलं आणायचे, हातपाय धुऊन दिव्याशी बसायचे. आणि दर वर्षी उन्हाळ्यात अकरा पत्रं लिहायचे, कबरीतल्या अकरा जणांच्या नातवंडांना. कुणी मुंबईत, कुणी इस्रायलमध्ये. तुमच्या माणसाची जागा शाबूत आहे, एवढाच मजकूर. निम्म्यांचं उत्तर येत नसे. यंदाची पत्रं टेबलावर पडून होती, तिकिटं लावायची राहिली होती.

"ऊन बघा वहिनी," आण्णासाहेब म्हणाले. "देह हाय तो. हट्ट करू नका."

मिल्काबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"अठरा वर्षं यांनी जे लिहून दिलं नाही, ते मी आज कसं देऊ? रविवारी मला यांच्या तोंडाकडं बघायचंय."

आण्णासाहेबांनी टोपी घातली. माणिकप्पानं कुदळ खांद्यावर टाकली आणि तो डोळे पुसत फाटकाकडं निघाला.

मिल्काबाई मात्र सासूच्या कबरीपाशी गेल्या. पायथ्याशी, चुन्याच्या चौकोनात खाली बसल्या. पुण्यात यांच्या डोक्याखाली ठेवायला इथली मूठभर माती न्यावी, एवढंच मनात होतं. जमीन तापून दगड झाली होती. नखांनी उकरून उकरून कशीबशी मूठ भरली.

ड्रायव्हर मोबाइल घेऊन जवळ आला.

"काकू," इंद्रजित हळूच म्हणाला, "शूटिंग चालू हाय."

मिल्काबाई मुठीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मूठ उघडली आणि माती त्या खळग्यात परत सोडली. तळव्यानं दाबली. बोटांचे ठसे उमटले होते ते पदरानं पुसले. चुन्याची फिसकटलेली रेघही पुसून काढली.

"बघा हवालदार," त्या उठत म्हणाल्या. "होतं तसं झालं का?"

हवालदारानं खाली पाहिलंच नाही.

"व्हय, बाई," तो म्हणाला.