आडवी दिशा

जत्रेतल्या आकाशपाळण्याचे वेल्ड तपासायला गावाने यंदाही नवनाथलाच बोलावलं. चाकणच्या कंपनीत तो हेच काम करायचा. चुंबक टेकवून त्याने लोखंडाची पूड भुरभुरली; कुठेच रेघ उमटली नाही. "पास," तो म्हणाला. कंपनीत नवीन लागलेली तनुजा सोबत होती. तिने चुंबकाची दिशा दाखवणारी तांब्याने मढवलेली अष्टकोनी लोखंडी चकती वेल्डवर ठेवली. "सर, चुंबकाची ओढ भेगेला आडवी गेली तरच भेग दिसते. तुम्ही एकाच दिशेने बघितलंत." तिने चुंबक काटकोनात फिरवून पुन्हा पूड टाकली. वीतभर काळी रेघ उमटली. "आत गंज आहे. भेग जुनी आहे." नवनाथने त्या रेघेवर बोट ठेवलं. गेल्या जत्रेत पहिल्या फेरीला त्याच्या दोन्ही मुली बसल्या होत्या. "मागल्या साली तूच पास केलेलास की!" बाजूला उभे असलेले सरपंच ओरडले. "व्हय, अण्णा. भेग तवाबी व्हती. मलाच दिसली न्हाई."