कात्रीखाली

तुरुंगात येशूची गोष्ट सांगायला न्हावी पहिल्यांदाच आला होता, पण कैद्यांसमोर त्याची बोबडी वळली. हातातलं बायबल मिटून त्याने पेटी उघडली आणि एकेकाचे केस कापायला घेतले. सगळ्यांत शेवटी पैलवान बसला, दोन खुनांसाठी जन्मठेप भोगणारा. केस कापून होताच त्याने उठून कात्रीच उचलली. "आता तुम्ही बसा, काका. मलाही येतं हे काम." पहारेकरी धावला. न्हाव्याने त्याला हातानेच अडवलं. तीस वर्षं अनोळखी माणसांनी त्याच्या वस्तऱ्याखाली बिनघोर माना दिल्या होत्या. तो बसला, मान वाकवली, पुस्तक उघडलं आणि येशूने सांगितलेली, घर सोडून गेलेल्या आणि सगळं उधळून परत निघालेल्या मुलाची गोष्ट वाचू लागला. मानेला गार पातं टेकताच तो वाचायचा थांबला. "थांबलात का?" पैलवान मागून म्हणाला. "बापाने घरात घेतलं की नाही?"