कुरणातला तुकडा

कृष्णविवरं, दीर्घिका, आकाशात फिरणारा रॉकेटांचा कचरा कसा काढायचा, यावर मी शहरात बसून हौसेनं लिहायचे. गावाहून आकेंचा, माझ्या वडिलांचा, फोन यायचा.

"वरचं सावकाश आवर. आपल्या कुरणात पडलेला रॉकेटचा तुकडा उचलायला सांग की कुणाला. मेंढ्या तिकडे फिरकत नाहीत."

"आके, तुमच्या मेंढ्यांचे नखरेच फार."

आके गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मी गावी पोचले. शेजारचे झुमाताय आगा आकेंच्या कबरीच्या नव्या कुंपणावर हात फिरवत म्हणाले, "लोखंड गंजतं, पोरी. हा पत्रा बघ, किती हलका आणि चकचकीत. तू म्हातारी झालीस तरी असाच राहील."

 

मागे कुरणात, तुकडा होता त्या जागी, मेंढ्या चरत होत्या.