आडव्या बाटल्या

दार उघडताच व्हिस्कीचा वास आला. मुलीच्या बारशापासून ह्यांनी थेंबालाही शिवलं नव्हतं.

शेअर्समध्ये हात पोळल्यावर धाकट्या दिरांनी सुचवलं, म्हणून ह्यांनी जुन्या व्हिस्कीच्या महागड्या बाटल्या घेतल्या. "प्यायला नाही गं, भाव वाढला की विकायला," म्हणाले होते. तरी कपाटाची किल्ली मी माझ्याच पर्समध्ये ठेवायची. चाचपली. होती.

हे कपाटापुढे फरशीवर बसले होते. कपाटाखालून ओघळ आला होता, हातात ओलं फडकं होतं.

"तोंड उघडा," मी म्हटलं. त्यांनी निमूट उघडलं. नुसता चहाचा वास.

"भावाला फोन केला," ते म्हणाले. "व्हिस्की उभीच ठेवायची असते म्हणे. आपण वाइनसारखी आडवी ठेवली. तिनं बुचं खाल्ली. सगळं गेलं गं."

"जाऊ द्या! जळो मेली ती गुंतवणूक!" मला हसूच फुटलं. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता. "द्या ते फडकं, मी पुसते."

त्यांनी दिलं नाही. दोन्ही हातांनी ते नाकाशी दाबून, डोळे मिटून ते खोल श्वास घेत होते.