सिराज टेलरची नजर

"जर्किन काढ," सिराज म्हणाले. "मे महिना हाय. भाजून निघशील."

झीशाननं चेन उलट गळ्यापर्यंत ओढली आणि बस चुकेल असं सांगून दुकानातून काढता पाय घेतला.

पिरंगुटच्या बाजारात सिराज टेलरच्या नजरेची ख्याती होती. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहिलं की टेप गळ्यातच राहायची आणि माप तोंडातून बाहेर पडायचं. त्यांचं एकुलतं एक पोर, चोवीस वर्षांचं, गेले आठ महिने ह्याच नजरेपासून अंग चोरून वावरत होतं. आई असती तर निदान मध्ये कुणीतरी असतं. पण ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

आधार कार्डावर झीशान. मनातल्या मनात मात्र तिनं स्वतःचं नाव हुस्ना ठेवलं होतं.

लहानपणापासून स्वतःशी झगडून झगडून ती दमली होती. मागच्या सप्टेंबरात एकदा, अब्बा नमाजला गेलेले असताना, ती ट्रायलच्या पडद्याआड आरशासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी मुलगी आहे. आधीपासूनच आहे." त्यात आनंद फारसा नव्हता. भरलेली कळशी खाली ठेवल्यावर हात दुखायला लागतात, तसं काहीसं झालं.

पडदा सारून बाहेर आली तर अब्बा मशीनवर बसलेले. ती काहीतरी सबब जुळवायला लागली. पण त्यांनी नुसती सुई पुढे केली. "ओवून दे. दिसत न्हाई आताशा." त्यांनी काही ऐकलं नसावं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

आणि मग अंग बदलायला लागलं.

औषध नाही, गोळी नाही, काही नाही. तरी दुकानाच्या आरशात कंबर दिसायला लागली. खांदे उतरले. हिवाळ्यात एकदा बसमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, जरा पुढं सरका." त्या खुशीत ती आपला स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे गेली आणि तेवढं अंतर हसत हसत चालत आली.

खुशी चार दिवसांची. मग भीतीनं घर केलं. असं आपोआप कुणाचं होतं का? काही दुखणं तर नाही? उघड्या अंगाकडे बघणं तिला कधीच सोसलं नव्हतं. अंघोळ डोळे मिटून, कपडे बदलायचे तेही डोळे मिटून. त्यामुळे आत काय चाललंय ते तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि अब्बा? दर महिन्याला ते कटपिसातून तिला एक नवा शर्ट शिवून देत आणि 'विटलाय' म्हणून जुना मशीन पुसायला घेत. शर्ट हातात देताना नजर वर उचलत नसत. त्यांनी ओळखलं असेल का, ह्या एका प्रश्नानं तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्यात अब्बांची बहीण, गुलशनफुफी, शुक्रवारी महाळुंग्याहून मुलीकडच्यांना घेऊन येणार होती. हुस्नानं कंपनीतल्या लॉकरमध्ये बॅग भरून ठेवली होती. अब्बांच्या तोंडावर नाही म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी निघून जायचं, एवढं ठरलं होतं. कुठं, ते ठरलं नव्हतं.

बुधवारी तिनं अब्बांना चाचपून पाहिलं होतं. दुकानात तेव्हा रिहे गावच्या सगुणाबाई बसल्या होत्या. नातीचा, किमयाचा, ड्रेस आतून जाड का लागतो म्हणून त्यांची कुरकुर चाललेली.

"वाढतं अंग हाय पोरीचं," सिराजनी समजावलं. "छातीशी दोन बोटं जादा कापडाची माया ठेवलीय. पुढं लागंल तशी उसवायची."

पुरुषांच्या शर्टात मात्र ते सुताएवढंही कापड आत सोडत नसत. काजं-बटणं करत त्याच दुकानात वाढलेल्या हुस्नाला हे सगळं तोंडपाठ होतं. सगुणाबाई गेल्यावर तिनं शुक्रवारचा विषय काढला. सिराजनी मशीन थांबवलं नाही.

"शुक्रवारचं मी बघतो. तू तुझ्या ड्युटीवर जा."

म्हणजे सगळं ठरलंय, असं ती समजली.

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर ती बॅग घेऊन आधी डॉक्टर मेधांच्या दवाखान्यात गेली. मागच्या आठवड्यात तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी ते शांतपणे ऐकूनही घेतलं होतं. आज रक्ताचे रिपोर्ट आले होते. पडद्याआड शर्ट काढायला लावून त्यांनी तपासलं, टेपनं मापं घेतली आणि कंपनीच्या दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या कागदाशी ताडून पाहिली.

"घाबरू नका, दुखणं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण अंगात काहीच बदललेलं नाही. वजन तेच, छाती-कंबर तीच, खांदे तेच. बदल हवे असतील तर त्यासाठी डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते. आपोआप मात्र काही झालेलं नाही."

"मग लोकांना दिसतं ते? मला आरशात दिसतं ते?"

 डॉक्टर चिठ्ठी लिहायला बाहेर गेल्या.

हुस्ना स्टुलावर बसून राहिली. जगात एक शरीर तेवढं आपल्या बाजूनं आहे असं वाटत होतं, तेही नव्हतं. तिला रडायचाही कंटाळा आला.

डोळे मिटून काढलेला शर्ट उलटा होऊन बाजूला पडला होता. तिनं तो सुलटा करायला मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. कमरेशी दोन्ही बाजूंची शिलाई आत वळवून घेतलेली होती. खांदे अर्धा इंच आत ओढलेले. टाका अब्बांचा, बारीक, एकसारखा. तिनं शिलाईवरून अंगठा हळूहळू वर नेला. छातीशी दोन्हीकडे, नीट दुमडून, दोन बोटं कापड राखून ठेवलेलं होतं.