न वाकणारा दांडा

दुकानाच्या कोपऱ्यात तीन दांडे पडले होते; एक चाळीस अंशांत वाकलेला, दोन पार काटकोनात. कुत्र्याचे केस कापताना त्याचा गळपट्टा टेबलाच्या या दांड्याला अडकवायचा असतो. वहिनीसोबत हे दुकान चालवणारा तिचा दीर कुत्र्याला तसंच टेबलावर ठेवून बाहेर फोनवर बोलत बसायचा आणि तेवढ्यात कुत्रा उडी मारून खाली, दांडा आडवा!

"भाऊजी, दांडे आणता की काकड्या?" वहिनी कडाडली आणि तणतणत स्वतःच खरेदीला गेली.

विक्रेत्याने जाड पोलादी दांडा काढला. "ताई, सोबत झटका बसताच सुटणारा पट्टा देऊ?"

"सुटणारं काही नको, वाकणारं तर मुळीच नको! हत्ती बांधला तरी जागचा हलता कामा नये."

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीतून टॉवेल घेऊन आली. दीर दाराबाहेर फोनवर खिदळत होता. टेबल रिकामं होतं, दांडा ताठ.



कुत्र्याचे पंजे फरशीपासून नऊ सेंटिमीटर वर होते.